पंख्याच्या विमानाचा कमाल वेग काढताय? या चुका टाळा

पार्ल्याला विमान देखभालीचा कोर्स करणाऱ्या मुलांचे गणिताचे तास मी संध्याकाळी घेतो. मागे एकदा डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलाने वही पुढे सरकवली. "सर, मस्टँग ताशी १४०६ किलोमीटरने उडेल." मस्टँग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान. पिस्टन इंजिन, पुढे पंखा, आणि वेग आवाजाहून जास्त! हिशोब मात्र सुबक होता. १५०० अश्वशक्तीवर ७०३ किलोमीटर, म्हणजे ३००० वर दुप्पट. उत्तराखाली दोन रेघासुद्धा मारलेल्या.

या गणितात पोरं दरवर्षी त्याच त्याच जागी घसरतात. मीही घसरलोय, ते पुढे येईलच.

ताकद दुप्पट, म्हणून वेग दुप्पट

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या विरोधाला सतत रेटत राहायला लागणारी ताकद मग वेगाच्या घनाने वाढते. ताकद दुप्पट केली तर वेग वाढतो १.२६ पट. त्याचे १४०६ तिथेच ८८६ वर आले. आणि हेसुद्धा विमानाचं वजन वाढलं नाही, इंजिन थंड ठेवायला जादा हवा आत घ्यावी लागली नाही, असं धरून.

घनाचा हा नियम किती निर्दय आहे ते विक्रमांच्या यादीत दिसतं. २३ ऑक्टोबर १९३४ ला इटलीच्या फ्रान्चेस्को अजेल्लोने गार्डा सरोवरावर मॅकी एम.सी. ७२ हे पाण्यावरून उडणारं विमान ७०९ ने पळवलं. २६ एप्रिल १९३९ ला जर्मनीच्या मेसरश्मिट २०९ ने ७५५ गाठले. पिस्टन विमानांतला तो आकडा मोडायला १९६९ उजाडलं, आणि वाढ किती? ७७६. तीस वर्षांत २१ किलोमीटर! मधल्या काळात महायुद्ध होऊन गेलं, इंजिनं कुठल्या कुठे गेली, तरी एवढंच. १९८९ मध्ये 'रेअर बेअर' नावाच्या विमानाने ८५० केले, २०१७ मध्ये 'वूडू' नावाच्या मस्टँगने ८५५.

या रेअर बेअरमध्ये राइट कंपनीचं आर-३३५० इंजिन होतं. ८ जून १९४८ ला सांताक्रूझहून लंडनला निघालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस'वर याच कुळातली चार इंजिनं होती. ते कॉन्स्टेलेशन विमान ५०० च्या आसपास निवांत जायचं. तेच इंजिन पिळून पिळून ४००० अश्वशक्तीच्या आसपास नेलं आणि एका छोट्या लढाऊ विमानाला लावलं, तेव्हा कुठे ८५०.

विमानाचा वेग बघितला, पात्याच्या टोकाचा नाही

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबू.

घरातला छताचा पंखा घ्या. १२०० मिलिमीटरचा, मिनिटाला ३५० फेरे. पात्याचं टोक ताशी ७९ किलोमीटरने फिरत असतं, फास्ट लोकलच्या तोडीचं. तरी तो पंखा जागेवरच आहे. विमानाचा पंखा फिरतोही आणि पुढेही जातो, त्यामुळे टोकाची वाट मळसूत्रासारखी होते. दोन्ही वेगांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, की टोकाचा खरा वेग मिळतो.

मस्टँग पी-५१डी चा हिशोब करू. पंख्याचा व्यास ३.४० मीटर. इंजिन ३००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. मी शिकत होतो तेव्हा तोंडी परीक्षेत हेच ३००० सरळ पंख्याला लावले होते. टोकाचा फिरण्याचा वेग आला सेकंदाला ५३४ मीटर, आवाजाच्या पावणेदोन पट. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "गियरबॉक्स घरी ठेवलात का?" इंजिन आणि पंख्याच्या मध्ये वेग उतरवणारा गियर असतो, मस्टँगचा ०.४७९. म्हणजे पंखा मिनिटाला १४३७ फेरे घेतो आणि टोक सेकंदाला २५६ मीटरने फिरतं. तुमचं उत्तर असं भलतंच मोठं आलं तर आधी गियर तपासा.

आता पुढे जाण्याचा वेग मिळवा. ताशी ७०३ म्हणजे सेकंदाला १९५ मीटर. एकूण ३२२. हा वेग साधारण ७६०० मीटर उंचीवरचा, आणि तिथे आवाजाचा वेग सेकंदाला ३१० मीटर. विमान अजून आवाजाच्या ६३ टक्क्यांवर आहे, पण पात्याचं टोक केव्हाच पलीकडे गेलंय!

टोकाशी धक्कालहरी, म्हणजे हवेच्या दाबाचे तीव्र धक्के, उठल्या की पात्याचा विरोध एकदम चढतो आणि इंजिनाची ताकद पुढे ढकलण्याऐवजी गोंगाटात आणि उष्णतेत जाते.

"मग पंखा हळू फिरवू," असं मुलं लगेच म्हणतात. फिरवा. टोक आवाजाच्या ९५ टक्क्यांत ठेवायचं ठरवलं तर या उंचीवर एकूण २९४ मीटरचं बजेट आहे. विमान ताशी १००० ने न्यायचं तर २७८ पुढे जाण्यातच संपले. फिरण्यासाठी उरले जेमतेम ९६. आता हवा पात्यावर जवळजवळ समोरून येते, पातं ७१ अंशांच्या आसपास उभं करावं लागतं. अशा पात्याचा जोर बहुतेक बाजूला जातो, पुढे थोडाच. ताकाची रवी झाली ती, विमानाचा पंखा नाही.

कार्यक्षमता ८५ टक्के, कायमची

पंख्याची कार्यक्षमता, म्हणजे इंजिनाच्या ताकदीतला पुढे ढकलण्यात लागणारा वाटा, पुस्तकात ८५ टक्के लिहिलेली असते, पोरं ती सगळीकडे चिकटवतात. वर बघितलंत तसं टोक आवाजाजवळ गेलं की हा आकडा घसरतो, आणि नेमका तिथेच आपल्याला हिशोब करायचा असतो.

आकडा टिकला असं मानलं तरी दुसरी गोम आहे. थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारं बळ, म्हणजे कामी आलेली ताकद भागिले वेग. १५०० अश्वशक्ती, ८० टक्के कार्यक्षमता: सेकंदाला १०० मीटरवर सुमारे ८९५० न्यूटन, १९५ वर ४५९० च. वेग वाढतो तसा विरोध वाढतो आणि ढकलणारं बळ आटतं. जेटचं तसं नाही, त्याचा थ्रस्ट वेगाबरोबर फारसा बदलत नाही. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट लढाऊ विमानाची दोन इंजिनं जमिनीवर मिळून १७.६ किलोन्यूटन द्यायची. हाच थ्रस्ट ताशी ८७० ला टिकला असं धरलं तर तेवढ्या ढकलण्यासाठी पंख्याच्या विमानाला ७००० हून जास्त अश्वशक्ती लागेल. उडताना जेटचा थ्रस्ट थोडा उतरतो म्हणून ६००० म्हणा. एका माणसाच्या लढाऊ विमानात एवढं पिस्टन इंजिन मावणार कुठे?

आवाजाचा वेग म्हणजे १२२५, पाठ केलेला

तो समुद्रसपाटीला १५ अंश तापमानाचा आहे. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. ११ किलोमीटर उंचीवर तो १०६० वर येतो. वर विरळ हवेत विरोध कमी, हे खरं. पण पात्याची मर्यादाही तिथे लवकर गाठते, शिवाय विरळ हवेत इंजिनाला सुपरचार्जरने, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या यंत्राने, दम द्यावा लागतो. विक्रम करणारे तापलेल्या दिवसाची वाट बघतात ते उगाच नाही. गरम हवा विरळ असते आणि तिच्यात आवाजही जोरात पळतो.

"पण टीयू-९५ हे रशियन बॉम्बर पंख्याचं असून जातं ना ९०० च्या वर?" असं कुणीतरी विचारतंच.

जातं. त्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या पुढेही असतात. पण ते टर्बोप्रॉप आहे, म्हणजे पंखा पिस्टन नाही, गॅस टर्बाइन फिरवते: चार इंजिनं, एकेक १५,००० अश्वशक्तीच्या घरातलं, आणि उलटसुलट फिरणारे जोडपंखे. त्यावरून एवढंच कळतं की आवाजाची वेस ही पंख्यापुढची भिंत नाही, महागडा टोलनाका आहे. पिस्टन इंजिनाच्या खिशात तेवढे पैसे नसतात. अमेरिकेने १९५५ मध्ये एक्सएफ-८४एच नावाचं विमान मुद्दाम आवाजापलीकडच्या पंख्यासह उडवलं. तेही टर्बोप्रॉपच, आणि जमिनीवर उभ्या माणसांना मळमळ व्हावी इतकं कर्कश.

सुळकीचा, म्हणजे विमान नाक खाली करून झेपावतं तेव्हाचा, आकडाही असाच नको तिथे घुसतो. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोला चाचणी वैमानिक मार्टिंडेल यांनी स्पिटफायर हे लढाऊ विमान सुळकी मारून आवाजाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे नेलं. त्यात पंखा आणि गियर तुटून गेले, विमान त्यांनी तरंगत परत आणलं. तिथे गुरुत्वाकर्षण ओढत होतं. सपाट उड्डाणाच्या हिशोबात तो आकडा नको.

आणि एकक. काट्यावरचा वेग आणि खरा वेग वेगळा, कारण काटा समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो आणि वर हवा विरळ असते. मस्टँग ७०३ ने जात असताना त्या उंचीवर काटा ४७०-४८० च दाखवेल. त्यात नॉट आणि मैल यांची सरमिसळ झाली की उत्तर देवाच्या भरवशावर. नॉट गुणिले १.८५२, मैल गुणिले १.६०९, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डोंबिवलीच्या पोराने मग ८८६ वर टोकाचा हिशोब केला. आवाजाच्या १.१४ पट आलं. त्याने कार्यक्षमता ८५ वरून ७० वर आणली, परत घनमूळ काढलं. ८३०. वूडू मस्टँगच होती, तिची ताकद मूळच्या दुपटीच्या आसपास होती आणि ती जमिनीलगत, जिथे आवाज जास्त पळतो तिथे, ८५५ गेली होती, हे मी त्याला त्यानंतरच सांगितलं. त्याने १४०६ खालच्या दोन्ही रेघा खोडरबराने पुसल्या आणि ७:५२ ची गाडी पकडायला पळाला.