‘सर्व्हंट’ म्हणजे गडीमाणूस नव्हे

अमेरिकन यादवी युद्धावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे मेल मला वर्षाला दोन-चार तरी येतात. बहुतेक जण पुण्या-मुंबईत इतिहासात एम. ए. केलेले. एखाददुसरी माझ्यासारखी, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीपायी नॉर्थ कॅरोलायनात आलेली, डिपेंडंट व्हिसावर, आणि दुपार खायला उठते म्हणून इतिहासाकडे वळलेली. दर वेळी तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

माझा विषय अगदी चिंचोळा आहे. १८६५ साली, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं हे युद्ध संपत असताना आणि संपल्यावर, दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांनी आईला, बहिणीला, नणंदेला लिहिलेली पत्रं. आम्ही राहतो तिथून चॅपल हिल अर्ध्या तासावर. तिथल्या विद्यापीठाच्या विल्सन लायब्ररीत ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ आहे, १९३० साली रीतसर सुरू झालेलं. ते उभं करणारे प्राध्यापक द रूलाक हॅमिल्टन मोटार घेऊन दक्षिणभर हिंडायचे आणि लोकांच्या माळ्यांवरच्या पेट्या उपसून कागद आणायचे. लोक त्यांना गमतीने ‘रॅन्सॅक’ म्हणायचे, म्हणजे घर धुंडाळून रिकामं करणारा. आपल्याकडे राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत फिरले, ते आठवतं.

आत जायला विद्यापीठाचे विद्यार्थी असावं लागत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं. कागदांचे खोके मात्र आधी मागवून ठेवा, नाहीतर पहिला दिवस भिंतीवरची चित्रं बघण्यात जातो. (माझा गेला.) पेन चालत नाही, शिसपेन्सिलच. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं आणि कागदांचा क्रम जराही हलवायचा नाही. पांढरे हातमोजे सिनेमात असतात. कागदासाठी हात स्वच्छ धुऊन कोरडे केले की पुरे. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात. आणि शाल न्या, ऑगस्टमध्येसुद्धा. कागदांसाठी ठेवलेला गारवा माणसांना सोसत नाही.

अक्षराची भीती बाळगू नका. मी लग्नाआधी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता, त्याचा इथे फार उपयोग झाला. लिपीचा नव्हे, सवयीचा. अडलेल्या शब्दापाशी थांबायचं नाही, पुढे जायचं, तोच शब्द दोन पानांनंतर सुटतो. खरी डोकेदुखी आडव्या-उभ्या लिखाणाची. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कागदाचा दुष्काळ पडला होता. पान भरलं की बाई ते पान वळवून त्याच ओळींवर काटकोनात पुढचं पत्र लिहायची. लिफाफे उलटे करून पुन्हा वापरलेले, कधी भिंतीला लावायच्या रंगीत कागदाचे. शाई घरी केलेली, आता तपकिरी पडलेली. फोटो काढा, स्क्रीनवर फिरवा, गडदपणा वाढवा, म्हणजे एक थर मागे सरतो. तारखेपाशी ‘इन्स्ट.’ असेल तर चालू महिना आणि ‘अल्ट.’ असेल तर मागचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझ्या पहिल्या वीसेक पत्रांचा क्रम चुकला.

नात्यांचा घोळ मात्र मराठी माणसाला जास्त बोचतो. ‘सिस्टर’ म्हणजे सख्खी बहीण, नणंद, जाऊ, वहिनी, कोणीही. आपल्याकडे प्रत्येकीला वेगळा शब्द, आणि भांडणंही त्याप्रमाणे वेगळी. इथे सगळ्या एकाच शब्दात कोंबलेल्या. त्यात चुलत-मावस भावंडांत लग्नं सर्रास, म्हणजे ‘कझिन’ पुढच्या पत्रात जावही निघते. मेरीची मॉली किंवा पॉली होते, मार्थाची पॅट्सी, सेराची सॅली. पहिला आठवडा वाचनात घालवू नका, वंशावळ काढा. मी अजूनही वहीत मराठीतच लिहिते: ‘मॉली, धाकटी नणंद, हिच्याशी अबोला.’

आता मुख्य मुद्दा. आपण पुस्तकं वाचून गेलेलो असतो. ९ एप्रिलला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, १४ला लिंकनवर गोळी झाडली गेली, २६ एप्रिलला डरहॅमजवळ बेनेट यांच्या शेतघरात दक्षिणेच्याच जनरल जॉन्स्टनने उत्तरेच्या शर्मनपुढे जवळपास ८९ हजार सैनिकांची शरणागती पत्करली, हे सगळं आपल्याला पाठ. पत्र लिहिणाऱ्या बाईला ते ठाऊक नसतं. कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचं टपाल कोलमडलेलं, अमेरिकेचं अजून सुरू व्हायचं. पत्र जायचं ते घरी चालत निघालेल्या सैनिकाच्या खिशातून किंवा एखाद्या ओळखीच्या प्रवाशाबरोबर. त्यामुळे एप्रिल संपत आलेला असताना एखादी बाई भावाच्या पलटणीसाठी मोज्यांचं सूत शोधत असते, आणि वाचताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मी एक साधा तक्ता करते: पत्र कधी लिहिलं, कोणी नेलं, आणि लिहिताना तिला काय काय कळलेलं होतं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि माझ्या प्रबंधात जे काही बरं आहे ते त्या रकान्यातून आलं आहे.

राजकारण शोधत बसलात तर निराश व्हाल. पानंच्या पानं मीठ, खेचरं, पुरलेली चांदीची भांडी, राय हे धान्य नाहीतर रताळी भाजून केलेली कॉफी यांवर. पण त्या तपशिलातच सगळं असतं. गावगप्पाही सोडू नका. चॅपल हिलच्या विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्वेन यांच्या मुलीने, एलीने, ज्याच्या फौजेने गाव ताब्यात घेतलं त्याच उत्तरेच्या जनरल ॲटकिन्सशी ऑगस्ट १८६५मध्ये लग्न केलं. गाव खवळलं. हरलेल्यांना कशाचा राग येत होता हे अशा लग्नाच्या चर्चेत जितकं दिसतं तितकं शरणागतीच्या बातमीत दिसत नाही.

गरीब गोऱ्या बायकांची पत्रं अशा घराण्यांच्या खोक्यांत क्वचितच सापडतात. त्यांच्यासाठी राजधानी रॅलेच्या राज्य अभिलेखागारात जा, युद्धकाळातले गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांच्याकडे आलेल्या अर्जांत. नवऱ्याला सैन्यातून सोडा, पीक काढायला कोणी नाही, असे अर्ज. स्पेलिंग कानावर लिहिलेलं असतं. हळू आवाजात मोठ्याने वाचलं की कळतं.

आता माझी सर्वांत मोठी चूक. पहिल्या सत्रात मी टिपणांत जिथे जिथे ‘सर्व्हंट्स’ आलं तिथे ‘गडीमाणसं’ लिहीत गेले. शब्द ओळखीचा वाटला, आजोळच्या वाड्याचा. ‘आमची माणसं’, ‘आमचं काळंगोरं कुटुंब’ असले शब्दप्रयोगही मी आपुलकीचे म्हणून टिपले. मार्गदर्शक बाईंनी एका समासात एवढंच लिहिलं: ‘यांना पगार किती होता?’ पगार नव्हताच. सर्व्हंट म्हणजे गुलाम. विकत घेतलेली, मृत्युपत्रात वाटून दिलेली माणसं. मालकिणी गुलाम हा शब्द घरगुती पत्रात टाळायच्या. ‘आन्ट’ अमुकही मावशी-आत्या नसते, बहुधा म्हातारी गुलाम बाई असते. वंशावळीत घालू नका. मला ती सगळी टिपणं पुन्हा लिहावी लागली. गडीमाणसं हा शब्दही त्यानंतर तितका गोड राहिला नाही, पण तो वेगळा विषय.

मुलाखतींत हमखास विचारतात की तुझा या विषयाशी काय संबंध. दोन उत्तरं तयार ठेवा, दोन्ही खरी आहेत. या युद्धाने दक्षिणेचा कापूस अडला म्हणून मुंबईत पैशाचा पाऊस पडला, आणि ते संपल्याची बातमी येताच १८६५मध्ये शेअरबाजार कोसळला. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. नोकरीबद्दल मात्र खोटी आशा लावत नाही. अध्यापनाच्या जागा थोड्या, उमेदवार ढीगभर. मी सध्या कौटुंबिक कागदपत्रांच्या वर्णनसूच्या करते, अर्धवेळ. अभिलेखागारात पूर्णवेळ काम हवं असेल तर ग्रंथालयशास्त्राची इथली पदवी जोडून घ्या. मोठी संग्रहालयं बाहेरच्या अभ्यासकांना प्रवासासाठी छोटी अनुदानं देतात, त्यांना अर्ज जरूर करा.

राहिल्या काळ्या बायका. १८३०च्या कायद्याने नॉर्थ कॅरोलायनात गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणं गुन्हा होता, म्हणून त्यांची पत्रं मालकांच्या पत्रांसारखी खोक्यांत भरून मिळत नाहीत. मिळतात ती बरीचशी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. मार्च १८६५मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्युरोच्या, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या कागदांत शोधा. मेरीलँड विद्यापीठातला १९७६ साली सुरू झालेला प्रकल्प अशी कागदपत्रं निवडून छापतो. आणि वर्तमानपत्रांतल्या ‘माहिती हवी आहे’ या जाहिराती वाचाच. युद्धानंतर कित्येक वर्षं फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’मध्ये माणसं आई, मुलगी, भाऊ यांचा शोध घेत होती. जाहिरातीत जुन्या मालकाचं आडनाव आणि काउंटी, म्हणजे जिल्हा, देण्याची पद्धत होती, कारण शोधायला दुसरी खूणच नव्हती. त्यामुळे खोक्यावरचं आडनाव घेऊन जाहिराती चाळता येतात.

मी ज्या घराण्यावर काम केलं त्यातली मालकीण १८६५च्या उन्हाळ्यात बहिणीला कळवते की स्वयंपाकीण न सांगता निघून गेली, कृतघ्न. कुठे गेली याबद्दल एक अक्षर नाही. त्या आडनावाची, त्याच काउंटीची एक जाहिरात मला सापडली आहे. एक बाई विकल्या गेलेल्या मुलीला शोधते आहे. स्वयंपाकिणीचं पहिलं नाव आणि जाहिरात देणारीचं नाव एकच आहे. पण नाव इतकं सर्रास आहे की तीच ही का, हे अजून ठरवता आलेलं नाही. गुलामांच्या वाटणीची यादी तिसऱ्या खोक्यात असावी, तो मंगळवारी मागवला आहे.