२.० च्या डब्ल्यूआरएक्समध्ये २.५ चं इंजिन टाकताय? मग या चुका टाळा

इकडे अमेरिकेत २००२ ते २००५ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स वापरलेली घेतलेली आपली बरीच मंडळी आहेत, आणि जुनं ईजे२०५ (तिचं २.० लिटरचं टर्बो इंजिन) ठोकायला लागलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, की आता उघडतोच आहोत तर २.५ लिटरचंच टाकू ना. विचार चांगला आहे, मी स्वतः हे करून त्याच गाडीने रोज ऑफिसला जातो. पण कमी पैशात करताना बहुतेक जण बचत चुकीच्या जागी करतात. ब्लॉकवर घासाघीस करा, जुनं हूड स्कूप तसंच ठेवा, रंग नंतर मारा, पण तेल, गॅस्केट आणि ट्यून (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग) या तीन ठिकाणी हात आखडता घेतला की इंजिन गेलंच समजा.

आधी काय बदलतं ते बघू. जुनं इंजिन १९९४ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. एसटीआयचं (डब्ल्यूआरएक्सची जास्त ताकदीची आवृत्ती) ईजे२५७ म्हणजे २४५७ सीसी, बोअर ९९.५, स्ट्रोक ७९. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, माउंट बसतात, गिअरबॉक्सला जोडता येतं, म्हणून सोपं वाटतं. स्वस्तातला रूढ मार्ग म्हणजे २.५ चा टर्बोवाला शॉर्ट ब्लॉक (क्रँक, पिस्टनसकट खालचा भाग) आणि त्यावर आपलीच २.० ची हेड्स (वरचा व्हॉल्व्हवाला भाग), मॅनिफोल्ड, वायरिंग सगळं जुनं. हा मार्ग बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे, कारण एसटीआयचं अख्खं इंजिन आणलं तर त्यात एव्हीसीएस (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) असतं, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असतं, आणि आपल्या केबल थ्रॉटलवाल्या गाडीच्या ईसीयूला यातलं काहीच चालवता येत नाही, मग वायरिंगमध्ये महिने जातात.

पहिली चूक, भंगारातून बिनटर्बोच्या २.५ चा ब्लॉक उचलणं. फॉरेस्टर, आउटबॅकमधून तो अगदी स्वस्त मिळतो. पण ते इंजिन १०:१ कॉम्प्रेशनचं, ब्लॉक ओपन डेक (सिलिंडरच्या वरच्या काठाला आधार नसलेला), तर टर्बोवाला २.५ हा ८.२:१ चा आणि सेमी क्लोज्ड डेक (काठाला काही ठिकाणी आधार असलेला). त्या बिनटर्बोच्या ब्लॉकवर बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) चढवला की नॉक (पेट्रोल आपोआप पेटून बसणारा ठोका) येणार आणि पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांमधल्या कडा) फुटणार. मुळात ईजे२५७ चे ओतीव पिस्टनसुद्धा नॉक फार सहन करत नाहीत, हे या इंजिनाचं सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. त्यात २.० च्या हेडचा चेंबर छोटा, त्यामुळे २.५ वर ती बसवली की कॉम्प्रेशन आणखी वर जातं. ट्यूनरला हे आधीच सांगा, तो इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) त्या हिशोबाने ठेवेल.

गॅस्केटचा घोळ मी दोन गाड्यांत बघितला. हेड २.० ची आहे म्हणून गॅस्केटही २.० चं मागवलं. अरे पण भोक सिलिंडरला जुळायला हवं ना, ९९.५ च्या बोअरवर लहान भोकाचं गॅस्केट टाकलं तर त्याची कड थेट आगीत येते. गॅस्केट २.५ टर्बोचंच घ्या, मल्टिलेयर स्टीलचं. आणि हेड सपाट करून घ्या, माझ्या वेळी एका वर्कशॉपने "डोळ्यांनी चांगली दिसते" म्हणून नुसती पुसून दिली आणि दोन महिन्यांत कूलंटच्या टाकीत बुडबुडे यायला लागले, सगळं परत उघडावं लागलं. बोल्ट आवळतानाही मॅन्युअल समोर ठेवा, सुबारूमध्ये आवळायचं, मग सैल सोडायचं, परत आवळायचं आणि शेवटी अंशात फिरवायचं असा क्रम आहे, तो अंदाजाने होत नाही.

आता तेल, इथे जरा थांबतो. जुनं इंजिन बेअरिंग खाऊन गेलं असेल तर धातूचा चुरा तेलातून सगळीकडे फिरलेला असतो. ऑइल कूलर असेल तर त्यात, टर्बोच्या नळीत, हेडच्या वाटांत. कूलर धुऊन साफ होत नाही, तो फेकून नवा घ्या. हेड उघडून, सगळ्या वाटांतून ब्रश आणि हवा मारून साफ करा. ऑइल पंपच्या मागच्या प्लेटचे स्क्रू सैल होतात, ते काढून थ्रेडलॉक लावून परत बसवा, पाच मिनिटांचं काम. आणि पॅनमधली ऑइल पिकअपची नळी, ती जोडाला तडकते, तडकली की पंप हवा ओढतो, दाब जातो आणि नवीन बेअरिंग काही क्षणांत संपतात. चांगली मजबूत पिकअप फार महाग नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसतं स्टार्टरवर फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत, मगच पेट्रोल द्या.

टायमिंग बेल्ट लावताना क्रँकच्या स्प्रॉकेटवर एक बाण दिसतो, आणि नवखा माणूस हमखास तोच जुळवतो. तो बाण टायमिंगचा नाही! खरी खूण म्हणजे स्प्रॉकेटच्या मागच्या कडेवरची बारीक रेघ. हे इंटरफेरन्स इंजिन आहे, दात चुकले तर व्हॉल्व्ह वाकतात. आणि स्प्रॉकेट, कॅम पुली आपल्या जुन्या इंजिनाच्याच वापरा, जुन्या ईसीयूला त्याच ओळखता येतात.

ट्यूनबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की मास एअरफ्लो सेन्सर आहे म्हणजे ईसीयू आपोआप जास्त हवा मोजेल आणि पेट्रोल वाढवेल, मग जुन्या मॅपवर (ईसीयूतल्या जुन्या आकड्यांवर) चालतं. अर्धवट खरं आहे. पेट्रोल काही अंशी वाढतं, पण तेवढ्याच बूस्टला आणि आरपीएमला सुमारे २३ टक्के जास्त हवा जाते, त्यामुळे लोड जुन्या टेबलच्या बाहेर जातो, इग्निशन टायमिंगचा आकडा त्या इंजिनासाठी नसतोच, आणि जुने इंजेक्टर टोकाला जाऊन मिश्रण पातळ होतं. म्हणून ट्यून पूर्ण होईपर्यंत बूस्ट न करता हळू चालवा, वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून डेटा नोंदवा, ओपनपोर्ट केबल आणि रोमरेडर सॉफ्टवेअरवर हे घरी शिकता येतं, पण पहिल्यांदा अनुभवी माणसाला दाखवा.

सुरू केल्यावर आरपीएम वरखाली होत असेल तर आधी मॅनिफोल्डखालचा टर्बोचा इनलेट होज बघा, इंजिन काढताना तो फाटतो आणि वरून दिसत नाही. गाडी तापतेय पण हीटर थंड, म्हणजे कूलंटमध्ये हवा अडकलीय. जुना टीडी०४ टर्बो खालच्या आरपीएमला मस्त ओढतो पण वर दम लागतो, तो बिघाड नाही, छोट्या टर्बोचा स्वभाव आहे. टर्बोकडे एक्झॉस्ट नेणाऱ्या अप-पाइपमधला जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुटून टर्बोत जातो, तेवढा मात्र तपासा. फक्त कुठलीही उत्सर्जनाची वस्तू काढण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा, कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नवं हवं आणि त्याची सगळी उत्सर्जन सामग्री सोबत हवी, आमच्या न्यू जर्सीत चेक इंजिन दिवा लागलेला असला की तपासणीत नापास.

आणि पाच गिअरचा बॉक्स. २.५ चा टॉर्क आला की याचे दात सगळ्यात आधी बोलतात, म्हणून सिग्नलवर लाँच मारायची (क्लच झटक्यात सोडून गाडी उडवायची) सवय सोडा आणि नवीन क्लच बसवताना गिअरचं तेलही बदलून घ्या, तेव्हा गाडी उघडलेलीच असते.