प्रारूप विकास आराखड्यावर हरकत: नकाशा वाचण्यापासून सुनावणीपर्यंत

शहराचा विकास आराखडा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘डीपी’, सुधारित होतो तेव्हा घरं कुठे होणार, कारखाने कुठे, कोणता रस्ता किती रुंद होणार आणि कुठल्या मोकळ्या जागेवर शाळा किंवा मैदान येणार हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३८ प्रमाणे ही सुधारणा वीस वर्षांतून एकदा तरी व्हायला हवी. या सगळ्या प्रक्रियेत सामान्य माणसाला हक्काने बोलता येतं ते मुख्यतः कलम २६ खाली प्रारूप आराखडा, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मिळणाऱ्या मुदतीत. या मुदतीत दिलेला नेमका कागद काम करतो. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, लोकांनी त्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या, एप्रिलमध्ये शासनाने तो नव्याने तपासायला लावला, मे २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आलं आणि मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली.

आधी कागद जमवा

प्रारूप प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. मुदत सहसा ३० किंवा ६० दिवसांची असते. नोटिशीत छापलेली शेवटची तारीखच खरी माना आणि त्याच्या आठ दिवस आधी अर्ज द्यायचा असं ठरवून कामाला लागा. शेवटच्या दोन दिवसांत आवक-जावक खिडकीवर रांग लागते आणि पोच मिळवणं अवघड होतं.

नगररचना विभागातून तुमच्या भागाचा प्रस्तावित भूवापर नकाशा (भाग नकाशा), त्याच भागाचा अस्तित्वातील भूवापर नकाशा आणि आराखड्याचा अहवाल घ्या. अहवालाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण हरकतीला लागणारा दारूगोळा तिथेच असतो. सध्या लागू असलेल्या मंजूर डीपीचा त्याच भागाचा नकाशाही हवा. तुमच्या बाजूने सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा), मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा पत्र तयार ठेवा.

संकेतस्थळावरची पीडीएफ बघायला ठीक, मोजायला नाही. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की प्रमाण बदलतं आणि तुमची सगळी मापं चुकतात. छापील नकाशावरची आलेखी मोजपट्टी आधी फूटपट्टीने तपासा, मगच पुढे जा.

नकाशावर काय शोधायचं

रंगांपासून सुरुवात करा, पण पाठांतरावर विसंबू नका. पिवळा म्हणजे निवासी आणि हिरवा म्हणजे शेती किंवा हरित पट्टा हे साधारण खरं असलं तरी प्रत्येक नकाशाची सूची वेगळी तपासावी लागते. मग जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा: झोन बदलला का, आरक्षण (शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) आलं, गेलं किंवा सरकलं का, आणि रस्त्याची रुंदी बदलली का. नदी-ओढ्याजवळ असाल तर चौथी गोष्ट म्हणजे पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या जागेत नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळू शकते, पण जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. नव्या आराखड्यात निळी रेषा नदीकडे सरकलेली दिसली तर ती कोणत्या सर्वेक्षणावरून सरकली हे लेखी विचारा. पाटबंधारे विभागाने आखलेल्या रेषेशी ती जुळत नसेल तर ही हरकत साऱ्या वस्तीच्या जिवाशी निगडित आहे.

प्रमाणाचं गणित समजून घ्या. १:५००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर. १२ मीटरचा रस्ता तिथे जेमतेम २.४ मिलिमीटर रुंद दिसतो आणि नुसत्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या रेघेखाली अडीच मीटर जमीन झाकली जाते. म्हणून ‘रस्ता माझ्या भिंतीवरून जातो’ असं नकाशाकडे बोट दाखवून सिद्ध होत नाही. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर प्रस्तावित रस्त्याची मध्यरेषा टाकून घ्या; परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता हे काम करून देतो. हरकतीत लिहायचं ते असं: ‘प्रस्तावित १२ मी. रस्त्याची पश्चिम कड आमच्या मंजूर इमारतीत २.१ मी. शिरते.’

सगळ्यात जास्त चुका उगम पावतात त्या अस्तित्वातील भूवापर नकाशात. सर्वेक्षण झालं तेव्हा जागा रिकामी होती, नंतर तिथे परवानगी घेऊन इमारत उभी राहिली, पण नकाशा मात्र जुनाच राहिला. नियोजनकाराला रिकामा तुकडा दिसतो आणि तो त्यावर दवाखाना किंवा वाहनतळ टाकतो. अशा वेळी भावनिक पत्र लिहू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक व तारीख, भोगवटा पत्र आणि मालमत्ता कराची आकारणी जोडा. अशी चूक दुरुस्त करायला हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला फारसा विचार करावा लागत नाही.

रस्त्याची रुंदी म्हणजेच इमारतीची उंची

बरेच लोक झोनचा रंग बघतात आणि रस्त्याच्या आकड्याकडे बघतच नाहीत. प्रत्यक्षात तुमच्या गल्लीत काय उभं राहील हे तोच आकडा ठरवतो. मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभावित क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा अशी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात पुणे, नाशिक, ठाणे यांसारख्या महापालिकांत, गावठाणाबाहेरच्या निवासी भूखंडाला ९ मीटर रस्त्यावर मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१०, अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचं शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआर (सार्वजनिक कामासाठी दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) ०.४० असा एकूण २.०० मिळतो. रस्ता १२ मीटर झाला की टीडीआर ०.६५ होतो आणि एकूण २.२५. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर १.१० वरच थांबावं लागतं. याशिवाय निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र (जिने, बाल्कनी, मार्गिका यांसाठीचं जादा क्षेत्र) अधिमूल्य भरून घेता येतं.

एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर हिशेब करून बघा. ९ मीटर रस्त्यावर २,००० चौ.मी. आणि अनुषंगिक धरून ३,२०० चौ.मी. पर्यंत. १२ मीटरवर २,२५० आणि अनुषंगिक धरून ३,६०० चौ.मी. पर्यंत. रुंदीतली वाढ दोन्ही बाजूंना सारखी विभागली तर प्रत्येकाची दीड मीटरची पट्टी जाते. पुनर्विकासाच्या विचारात असलेल्या सोसायटीला ही वाढ हवीशी वाटेल, समोरच्या बैठ्या घराचं अंगण मात्र त्यात जाईल. दोघांचीही हरकत किंवा पाठिंबा रास्त आहे; फक्त कशाच्या बदल्यात काय हे आकड्यांत मांडा. नियमावलीत वेळोवेळी बदल होतात, तेव्हा तुमच्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला लागू असलेला सध्याचा तक्ता पडताळून घ्या. नगरपरिषदांचे आकडे वेगळे आहेत.

इथेच आणखी एक घोळ टाळा. ‘आमच्या शहरात एफएसआय कमी करा’ किंवा ‘सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) वाढवा’ अशी हरकत स्थानिक आराखड्यावर दिली तर ती बाजूला पडते, कारण नियमावली राज्याची आहे आणि तिच्यातले फेरबदल राज्य शासन कलम ३७ खाली स्वतंत्र सूचना काढून करतं. तो मुद्दा त्या सूचनेवर मांडा. इथे बोला ते झोनच्या हद्दीवर, आरक्षणावर आणि रस्त्याच्या रुंदीवर.

अर्ज कसा लिहावा

एका अर्जात एकच मुद्दा. तीन आरक्षणांवर बोलायचं असेल तर तीन अर्ज द्या, म्हणजे तीन नोंदी होतात आणि तिन्हींवर स्वतंत्र निर्णय लिहावा लागतो. विषयाच्या ओळीतच जागा सापडली पाहिजे: मौजे, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे (सि.स.) नंबर, भाग नकाशा क्रमांक, आरक्षण क्रमांक, प्रस्तावित वापर. त्यानंतर चार परिच्छेद पुरतात. प्रस्ताव काय आहे. जमिनीवर प्रत्यक्षात काय आहे. प्रस्तावामुळे नेमकं काय बिघडतं. आणि त्याऐवजी काय करावं.

चौथा परिच्छेद नसला की बाकीचे तीन लुळे पडतात. नमुना असा: ‘आरक्षण क्र. __ (प्राथमिक शाळा) स. नं. __ वरून काढून लगतच्या स. नं. __ या शासकीय जमिनीवर दाखवावे. या जमिनीचे क्षेत्र ०.४५ हे. असून तिला ९ मी. रस्ता उपलब्ध आहे. सातबारा व मोजणी नकाशा सोबत जोडला आहे.’ समितीच्या हाती तयार पर्याय पडतो. केंद्राच्या २०१४ च्या शहर नियोजन मार्गदर्शिकेत प्राथमिक शाळेला ५,००० लोकवस्तीमागे एक आणि जागा ०.४ हेक्टर असा निकष आहे, तेव्हा वरचा पर्याय निकषात बसतो हे एका ओळीत लिहा.

एकच मजकूर छापून हजार सह्या घेण्याची पद्धत सोडून द्या. असे अर्ज एकत्र बांधले जातात आणि त्यांचा निर्णय एका ओळीत होतो. त्यापेक्षा दहा घरांनी आपापल्या कागदपत्रांसह दहा अर्ज दिलेले बरे. सोसायटीतर्फे अर्ज असेल तर ठरावाची प्रत जोडा. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मैदान हवं असेल तर तेही लिहून द्या

सगळ्यात मोठं नुकसान गप्प बसण्याने होतं. ज्याच्या जमिनीवर मैदान पडलं तो मालक वकिलासह हरकत देतो. ज्या पाच हजार लोकांची मुलं तिथे खेळणार असतात त्यांच्यातलं कोणीच काही देत नाही, कारण ‘आरक्षण तर आहेच, आपण काय लिहायचं?’ असं त्यांना वाटतं. मग समितीपुढे एकच बाजू येते आणि आरक्षण कापलं जातं. तेव्हा ‘आरक्षण क्र. __ कायम ठेवावे’ असा सूचनेचा अर्ज आवर्जून द्या.

यासाठी अहवाल उघडा. त्यात विभागवार लोकसंख्या आणि प्रत्येक सुविधेची गरज, अस्तित्व व तूट यांचा तक्ता असतो. तुमच्या विभागात मैदानांची तूट त्यांनीच मान्य केलेली असेल तर तोच आकडा पान क्रमांकासह उद्धृत करा. वर उल्लेख केलेल्या मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौ.मी. मोकळ्या जागेचा निकष आहे, त्याच्याशी तुलना करा. मालकावर अन्याय होतो ही बाजूही खरी असते. म्हणून समावेशक आरक्षण (मालकाने सुविधा उभारून द्यायची आणि उरलेला विकास स्वतः करायचा) किंवा टीडीआर देऊन जागा घ्यावी असा मार्ग त्याच अर्जात सुचवा.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. तुमच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. ए-३ आकाराचा एकच नकाशा न्या: जुनी रेषा एका रंगात, नवी दुसऱ्या, तुमचा पर्याय तिसऱ्या. आरक्षण क्रमांक सांगा, चौथा परिच्छेद वाचा, बाकी प्रश्नांना उत्तरं द्या. स्वतः जाता येत नसेल तर प्राधिकारपत्र देऊन कोणाला तरी पाठवाच.

समितीच्या अहवालानंतर केलेले बदल प्रसिद्ध होतात आणि आराखडा कलम ३० खाली शासनाकडे जातो. ही यादी ओळ न ओळ तपासा. ज्या जागेवर कोणीही हरकत घेतली नव्हती तिथेही बदल झालेला सापडू शकतो. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासनाला सारभूत, म्हणजे मोठे, बदल करायचे असतील तर तेवढा भाग मंजुरीतून वगळला जातो आणि त्या भागापुरती हरकतींची नवी मुदत मिळते. पहिला अर्ज दिलेला असला तरी इथे पुन्हा द्यावा लागतो.

मंजुरीनंतर दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना (‘माझी जमीन संपादित करा’ अशी नोटीस) देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच माहिती अधिकारात विचारा: आमच्या विभागातली कोणती आरक्षणं ताब्यात आली, कोणती नाहीत आणि कोणत्या जागांवर खरेदी सूचना आल्या आहेत. उत्तर हाती आलं की अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, त्या जागेच्या संपादनासाठी तरतूद करावी असं पत्र आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांना द्या.