संस्थेची बातमी पैसे न देता छापून कशी आणावी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या महिला मंडळाची पत्रकं गेली पंधरा वर्षं मीच लिहिते. ‘ओळख असल्याशिवाय बातमी लागत नाही’ असं अजूनही सांगतात. ते साफ चुकीचं आहे.

पणजीच्या कचेऱ्यांत खेटे घालू नका. ‘नवप्रभा’, ‘गोमन्तक’, ‘तरुण भारत’ यांचे आपल्या तालुक्यातले वार्ताहर गाठा. कार्यक्रमाची सूचना चार दिवस आधी द्या. आकाशवाणीच्या पणजी केंद्रालाही कळवा. ‘भांगरभूंय’ या कोकणी दैनिकाला पाठवायचं तर कोकणीतून वेगळं लिहा.

आता पत्रक. मी इथेच अडकले होते. आमच्या बावीस जणींनी तीन रविवार खपून गावची झर, म्हणजे पाण्याचा झरा, उपसली. मी पत्रकात आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, सूत्रसंचालन, आभार असं सगळं ओळीने लिहिलं. अकरा नावं झाली आणि झर आली शेवटच्या ओळीत. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. दुसऱ्या दिवशी अकराही नावं छापून आली, झर गेली! चिखलाची घमेली वाहिलेल्या बायकांना काय तोंड दाखवू, असं झालं मला.

म्हणून पहिल्याच वाक्यात कोणी, कुठे, काय केलं आणि त्याने काय झालं ते आलंच पाहिजे. तेव्हा मी असं लिहायला हवं होतं: ‘गावातल्या बावीस महिलांनी तीन रविवार श्रमदान करून गाळाने बुजलेली झर मोकळी केली, आता चौदा घरांना उन्हाळ्यातही पाणी मिळेल.’ पाहुण्यांची नावं शेवटी, तीही दोनच. अध्यक्ष रुसले तरी चालतील. ‘उत्साहात संपन्न’, ‘शुभहस्ते’, ‘मोलाचे मार्गदर्शन’ हे शब्द खोडा. त्यांच्या जागेत एक आकडा बसतो. सगळं दीडशे शब्दांत आटपा.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी उमटतं त्या अक्षरांत, टाइप करून पाठवा. लेटरहेडचा फोटो पाठवलात तर तिकडे कोणीतरी तो पुन्हा टाइप करायचा, आणि रात्रीच्या घाईत तेवढा वेळ कोणाकडे नसतो.

फोटो समईचा नको, कामाचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फुटत नाही. खाली डावीकडून नावं लिहा आणि आडनावं ज्याची त्याला विचारून घ्या.

हे सगळं कार्यक्रमाच्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत जायला हवं. सोबत रात्री नऊपर्यंत फोन उचलणाऱ्या एकीचा नंबर द्या. चवथीच्या दिवसांत पानं जाहिरातींनी भरलेली असतात. थांबण्यासारखी बातमी असेल तर विसर्जनानंतरच द्या.