एक पाइप तापतो, दुसरा कोमट राहतो : या चुका टाळा

मोटरसायकलच्या दोन सायलेन्सर पाइपांपैकी एक कमी तापत असेल, तर कुठेतरी बिघाड असू शकतो. पण नागपुरात मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी चालू न करताही चटका देते. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली, एवढ्यानेही दोन पाइपांत फरक जाणवतो. म्हणून दुपारी हात लावून निदान करू नका. रात्रभर सावलीत राहिलेली गाडी सकाळी चालू करा. मिनिटभराने दोन्ही बेंड पाइपांवर (सिलिंडरमधून निघणारे वाकडे पाइप), सिलिंडरपासून सारख्याच अंतरावर, पाण्याचा एकेक थेंब सोडा. एकीकडे थेंब चर्रकन उडाला आणि दुसरीकडे नुसता ओघळला, तर फरक खरा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत क्रोमवर चुकीचा, कमी आकडा दाखवतो. दोन्हीकडे उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर मोजा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे थंड पाइपच दोषी असं धरून चालणं. ती मी केली आहे. माझ्या राजदूत ३५० चा, म्हणजे दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक गाडीचा, डावा पाइप आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) कोमट राहायचा. मी डाव्या कार्बोरेटरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा एअर स्क्रू थोडा थोडा बाहेर काढत गेलो, पाइप बऱ्यापैकी सारखे झाले आणि मी खुशीत रामटेकला निघालो. कन्हानचा पूल ओलांडून मनसरच्या दिशेने थोडा गेलो असेन, तोच मागचं चाक कचकन अडलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. हेड उघडल्यावर पिस्टनवर उभे चरे, सिलिंडरला ॲल्युमिनियम चिकटलेलं. आणि जाम झाला होता उजवा! उजव्या कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबराला खालून, न दिसणाऱ्या बाजूला, चीर गेली होती. तिथून जादा हवा शिरून मिश्रण पातळ होत होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), म्हणून तो पाइप जास्त तापत होता. खूण आधीच मिळाली होती : रेस सोडली तरी इंजिनचा आवाज लवकर खाली येत नव्हता. मी लक्ष दिलं नाही.

तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी अदलाबदल करा, एका वेळी एकच गोष्ट. इंजिन थंड असताना दोन्ही प्लग आपसांत बदला. थंडपणा प्लगसोबत दुसऱ्या बाजूला गेला, तर प्लग खराब. नाही गेला, तर पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच, पाहा. या गाडीत दोन्ही सिलिंडरचे पॉइंट वेगळे असतात आणि ज्याचं टायमिंग मागे पडलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, तो पाइप जास्त तापतो. मग ॲक्सिलरेटरची केबल : दोन्ही कार्बोरेटरमधल्या स्लाइड (केबलने वर सरकणाऱ्या झडपा) एकदमच उचलल्या पाहिजेत. फरक फक्त आयडलिंगलाच असेल तर मेन जेट (जास्त रेसला पेट्रोल देणारं बारीक भोक) बदलून उपयोग नाही. बहुतेकदा आयडलिंगला पेट्रोल देणारा पायलट जेट कचऱ्याने बुजलेला असतो. तो तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

येझदी रोडकिंगवाल्यांनी यातलं बरंचसं सोडून द्यावं. तिथे सायलेन्सर दोन असले तरी सिलिंडर एकच, प्लग आणि कार्बोरेटरही एकच. एक पाइप थंड राहिला तर त्या सायलेन्सरमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचा कार्बन साचला आहे का, ते आधी बघा. रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर ६५० ला मात्र कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. प्लग बदलून फरक पडला नाही तर इंजिनच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर असलेला मिस्त्री गाठा.

आणि तापलेल्या पाइपवर बादलीभर पाणी कधीच ओतू नका. थेंब वेगळा, बादली वेगळी.