जुन्या फेरफारातील फिकट अक्षरे वाचताना

साठीच्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, त्यामुळे जुना फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची सरकारी नोंद) किंवा खरेदीखत वाचताना चष्म्याचा नंबर वाढवण्याआधी उजेड वाढवावा. कोकणातल्या माजघरात भरदुपारीही अंधारच असतो. म्हणून कागद पडवीत आणावा, मात्र थेट उन्हात धरू नये, कारण आधीच फिकी पडलेली शाई उन्हाने आणखी उडते. भिंग दुप्पट-तिप्पट मोठे दाखवणारे पुरते, त्याहून जास्त शक्तीच्या भिंगात जेमतेम दोन-तीन शब्द मावतात आणि ओळ हातची सुटते.

तपकिरी पडलेल्या शाईसाठी मोबाईलवर सरळ वरून, सावली न पाडता फोटो काढावा, तो कृष्णधवल करावा आणि कॉन्ट्रास्ट हळूहळू वाढवावा. एकदम वाढवला तर पावसाळी दमटपणाचे डागही अक्षरांइतकेच गडद होतात. टाकाचा नुसता ओरखडा उरला असेल, तर खोली अंधारी करून बॅटरीचा झोत कागदाच्या एका कडेने आडवा सोडावा.

सामाईक जमिनीच्या नोंदीत मात्र नजरेपेक्षा बेरीज भरवशाची. फिकट १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात, पण जुन्या नोंदीत हिस्से आणे-पैत लिहिलेले असतात आणि पूर्ण जमीन म्हणजे सोळा आणे; म्हणून बारा पैचा आणा धरून सर्व हिश्श्यांची बेरीज सोळा आणे व्हायला हवी, आणि एकच आकडा पुसट असेल तर तो वजाबाकीनेच मिळतो. अक्षर उठावे म्हणून कागदावर पाणी लावण्याचा घरगुती उपाय कोणी सुचवलाच, तर कागद आधी त्यांच्यापासून दूर ठेवावा.