फोनो घरी आणलात? मग या चुका टाळा

बुधवारी नाशिकच्या गोदाघाटावर बाजार भरतो आणि गुरुवारी सकाळी माझा फोन वाजायला लागतो. "काका, चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, मिळाला जुन्या सामानात, पण आवाज घोगरा येतोय." मी विचारतो, पिन कधी बदलली? पलीकडे शांतता. मग हळूच, "बदलायची असते का?"

तर आधी पिनेचंच घेऊ. पोलादी पिन एका बाजूला एक. तबकडी उलटली की पिन नवी. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि त्या लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असते. ती पूड पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीन मिनिटांत टोकाला धारदार कडा येतात. तीच पिन पुढच्या तबकडीवर ठेवलीत की ती पटाशीसारखी खाच तासत जाते. "अजून टोकदार दिसतेय की!" हे मला सांगू नका, भिंगातून बघा. हजारो रुपयांचा फोनो घेणारा माणूस पिनांच्या डबीत काटकसर करतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. माझ्याकडे दोन वाट्या असतात, एक नव्या पिनांची, एक वापरलेल्यांची. वापरलेली वाटी भरली की थेट भंगारात. ती उघड्यावर ठेवायची नाही, नाहीतर घरातलं कुणीतरी पिन वाया जाऊ नये म्हणून परत लावतं. आमच्याकडे हे झालेलं आहे.

आता ज्या चुकीने माझा खरोखर जीव जळतो, ती.

पंचवटीतले एक ओळखीचे गृहस्थ. आजोबांच्या ट्रंकेत त्यांना अकरा तबकड्या सापडल्या, त्यांत बालगंधर्वांच्या पदांच्या तीन. मला फोन करून म्हणाले, "उद्या घेऊन येतो, आज जरा स्वच्छ करून ठेवतो." मी नुसतं "बरं" म्हणालो. कशाने स्वच्छ करणार, हे विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आले ते खुशीत. लॉकडाऊनमधलं सॅनिटायझर घरात पडून होतं, त्याने पुसल्या होत्या. "काय घाण होती हो! कापूस काळाकुट्ट झाला!"

ती घाण नव्हती, ती तबकडी होती.

सुतार चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. पॉलिश असंच तयार होतं. सॅनिटायझरही मुख्यतः अल्कोहोलच. म्हणजे या गृहस्थांनी शंभरेक वर्षांपूर्वीचं गाणं कापसावर उतरवून कचऱ्यात टाकलं होतं. तबकडीवरची चमक गेली होती, बोटाला खरखरीत लागत होतं. तरी लावून पाहिली. पावसात पत्र्याखाली बसावं तसा आवाज आणि त्यामागे कुठेतरी गाणं. त्यांनी विचारलं, "आता काय करता येईल?" काही नाही. सुदैवाने सॅनिटायझर चौथ्या तबकडीवर संपलं होतं, म्हणून सात वाचल्या.

लाखेची तबकडी धुवायची माझी रीत अशी: कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि तोही खाचेच्या दिशेने गोल. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. भिजत तर मुळीच ठेवायची नाही. शेवटचा हात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचा, म्हणजे क्षाराचे डाग उरत नाहीत. लगेच सुती फडक्याने टिपायची आणि पंख्याखाली उभी ठेवायची. उन्हात नाही. एका संध्याकाळी सहा तबकड्या, त्यापेक्षा जास्त नाही. घाई असेल त्याने मोबाइलवर गाणी ऐकावीत, तिथे धुवायचं काही नसतं.

एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली हळू फिरणारी मोठी तबकडी, चावीच्या फोनोवर लावू नका. फोनोच्या मुंडीचा, म्हणजे पिन बसते त्या भागाचा, भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. एलपी प्लॅस्टिकची, तिला दोन ग्रॅमच्या आसपास भार सोसतो. एकदा लावलीत की संपली. उलटंही तेच. नव्या सूटकेस प्लेअरवर 78 चा खटका आहे म्हणून एलपीच्या सुईने लाखेची तबकडी वाजवू नका. ती खाच कितीतरी रुंद असते, बारीक सुई तिच्या तळाशी घरंगळत राहते. 78 साठी वेगळी सुई मिळते, ती घ्या.

चकचकीत पितळी कर्णा बघून भुलू नका. जुन्या यंत्रांचे सुटे भाग नव्या खोक्यात बसवून, वर एचएमव्ही कंपनीचं कुत्र्याचं चित्र डकवून विकलेले फोनो ढिगाने आहेत. भांडी बाजारातनं पितळ घेताना आपण वाजवून, तोलून घेतो, मग इथेच डोळे का मिटतात? नवशिक्याने कर्ण्याच्या मागे न लागता एचएमव्हीचा 102 नंबरचा फोनो शोधावा. पेटीसारखा, काळा, दिसायला साधा. दिवाणखान्यात मिरवत नाही, पण वाजतो.

तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. एप्रिलात गंगापूर रोडला गाडी उन्हात लावून एलपी आत विसरू नका.

वेग तपासायचा राहून जातो. तबकडीच्या काठाखाली कागदाचा कपटा अडकवा, पिन टेकवून वाजत असताना एका मिनिटातले फेरे मोजा. पिन न टेकवता मोजलेत तर आकडा फसवा येतो. 78 ऐवजी 82-83 आले तर हार्मोनियमवरच्या काळी एकचं गाणं पांढरी दोनला, म्हणजे एक पट्टी वर जातं, आणि मग लोक मला सांगतात की जुने गायक फार चढ्या पट्टीत गायचे.

राहिली स्प्रिंग. चालता चालता पेटीतून 'धप्प' असा आवाज येतो, कारण आतलं ग्रीस वाळून स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग एकदम सुटतात. इथे हुशारी माझीही झाली आहे. सुरुवातीच्या दिवसांत नाशिकरोडच्या भाड्याच्या खोलीत मी स्प्रिंगचा डबा स्वतःच उघडला. चावी उतरली होती, म्हणून स्प्रिंग निपचित असणार असं धरून चाललो. ती उतरूनही डब्यात दाबलेलीच असते. बाहेर आली ती नागासारखी. अंगठ्याला तीन टाके, भिंतीवर काळ्या ग्रीसचा अर्धा कमान, आणि घरमालकाला काय सांगायचं याची पंचाईत. त्यानंतर डबा उघडायचा झाला की चामडी हातमोजे, जाड गोणपाट आणि सोबतीला दुसरा माणूस. तीन गोष्टींपैकी एक जरी नसेल तर डबा बंद. भिंत मी स्वतः रंगवून दिली, दोन हात द्यावे लागले.